देऊळ वेगळे काढताना

(कलशारोहणाच्या आदल्या रात्री नव्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. दहावी पास झालो, तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे सात-बारा, फेरफार आणि आवक-जावक यांतच गेली. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु समितीचा आग्रह पडला की, "ड्रोनच्या कामाला तुम्ही पहिल्यापासून हजर होता. पैसे कशाला खर्च झाले ते लोकांना कळू द्या." देणगीदारांना हिशेब देणे हे समितीचे कर्तव्यच आहे. रुपयांचा हिशेब खजिनदार देतीलच. मी दुसरा एक हिशेब देणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही मांडणार आहे. ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपणा सर्वांस ठाऊक आहे की, दोन वर्षांपूर्वी माघात जुना सभामंडप उतरवायचे ठरले. उतरवण्यापूर्वी देवळाचे माप घेणे जरूर होते. खालचे माप टेपने झाले. पण शिखराचा गिलावा सुटत चालला होता, आणि परांची बांधून वर चढायला गवंडी तयार होईनात. तेव्हा आपल्याच गावचा एक तरुण, जो शहरात ड्रोनची कामे करतो आणि मला काका म्हणतो, पुढे आला. म्हणाला, "काका, कोणी वर चढायचं कारण नाही. मी फोटोंवरून देवळाचं त्रिमिती चित्र करून देतो. त्यात पाहिजे ते माप काढा."

मंडळी, ही कल्पना आजची नाही. जर्मनीत वेट्झलार नावाच्या गावी एक मोठे जुने चर्च आहे. १८५८ साली आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा एक तरुण इंजिनिअर त्याचे माप घेण्यासाठी उंचावर चढला असता पडता पडता वाचला. खाली आल्यावर त्याच्या मनात विचार आला की, इमारतीवर चढून मोजण्याऐवजी तिचे फोटो काढून त्या फोटोंवरच मोजता येणार नाही का? त्या विचारामागे तो आयुष्यभर लागला. १८८५ साली प्रशियाच्या सरकारने याच कामासाठी बर्लिनला एक संस्था काढली आणि जुन्या इमारतींच्या हजारो काचा तिथे जमा झाल्या. पुढे महायुद्धात कित्येक इमारती पडल्या, तेव्हा दुरुस्तीच्या कामी त्याच काचा उपयोगी आल्या. देवाच्या घराचे माप घेताना माणसाचा जीव वाचला आणि त्यातून एक विद्या निघाली, असे म्हटले तरी चालेल.

आता फोटोवरून माप कसे निघते, ते सांगतो. प्रत्येकाने आपला अंगठा नाकासमोर हातभर अंतरावर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा समोरच्या खांबावरून इकडचा तिकडे सरकलेला दिसतो. खांब मात्र फारसा सरकत नाही. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. किती सरकली यावरून ती किती लांब आहे हे काढता येते. आपले दोन डोळे हेच करतात, म्हणून तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणे जड जाते. ड्रोन देवळाभोवती फिरतो आणि शेकडो ठिकाणांहून फोटो काढतो. एका फोटोतला बराचसा भाग, रुपयात बारा आणे तरी, पुढच्या फोटोत आलाच पाहिजे, नाहीतर दुवा तुटतो. संगणक एकच दगड पाच-सात फोटोंत ओळखतो आणि तो दगड हवेत नेमका कुठे आहे तिथे एक ठिपका ठेवतो. असे लाखो ठिपके झाले की रांगोळीसारखे देऊळ उभे राहते. फरक एवढाच की रांगोळी जमिनीवर असते आणि हे चित्र चहूबाजूंनी फिरवून पाहता येते.

कायद्याचेही सांगून टाकतो, कारण सरकारी माणूस हजर असताना विनापरवाना काम झाले असे कोणी म्हणू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशावर जो भाग हिरवा दाखवला आहे, तिथे ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आपले गाव हिरव्यात आहे, हे आधी पाहून घेतले. सकाळी दहाला आकाश थोडे ढगाळ असताना उड्डाण केले, कारण कडक उन्हात सावल्या काळ्या पडतात आणि सावली ही जणू भिंतच आहे असा घोटाळा होतो.

दुसऱ्या दिवशी चित्र तयार झाले. लॅपटॉप पारावर ठेवला आणि आम्ही सारे जमलो. पाहतो तो काय! देऊळ होते, पण त्याबरोबर सगळे गावच आले होते. शिखराला पिंपळाची फांदी अशी चिकटलेली की शिखरालाच पालवी फुटली असे वाटावे. उत्तरेच्या भिंतीला शेजारच्या गोठ्याचा पत्रा जोडला गेलेला. ओट्यावर कोणाची तरी मोटारसायकल. शिखरावरचे निशाण वाऱ्याने हलत होते, म्हणून त्याच्या चिंध्या झालेल्या. पितळी कळस चकाकतो, त्यामुळे तो जवळजवळ आलाच नाही. दर्शनाला आलेली माणसे अर्धी अर्धी, भुतासारखी. गवंडी म्हणाला, "यातून मी माप कसं काढू?" त्याचेही बरोबरच होते.

तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा: या सगळ्यातून फक्त देऊळ वेगळे कसे काढायचे? मंडळी, माझ्या भाषणाचा विषय एवढाच आहे. आपल्या डोळ्याला हे काम वाटतच नाही. लहान पोरसुद्धा सांगेल की हे देऊळ आणि हे झाड. पण संगणकाला देऊळ म्हणजे काय हे माहीत नसते. त्याच्यापुढे नुसते ठिपके असतात. त्याला काहीतरी खूण सांगावी लागते, आणि प्रत्येक खुणेत एक खोट असते.

पहिली खूण रंगाची. हिरवे ते झाड, काळे ते दगड. सोपे वाटते. पण शिखराच्या सांदीत शेवाळ होते, ते झाडाबरोबर गेले आणि शिखराला भोके पडली. पिंपळाचे खोड मात्र दगडाच्या रंगाचे, ते देवळात राहिले.

दुसरी खूण सपाटीची. भिंत सपाट असते, पाने विस्कटलेली असतात. जे ठिपके एका फळीवर बसतात ते बांधकाम. ही खूण शाळेच्या इमारतीला उत्तम. पण आपल्या शिखरावर नक्षी आहे, कोनाडे आहेत, छोटी शिखरे आहेत. संगणकाला ती विस्कटलेल्या पानांसारखीच वाटली.

तिसरी खूण अंतराची. जे ठिपके एकमेकांना लागून आहेत ते एक घर, मध्ये फट पडली की दुसरे घर. पण गोठ्याचा पत्रा भिंतीला टेकलेला आहे. तिथे फटच नाही. संगणकाने गोठाही देवाला वाहून टाकला.

चौथी खूण उंचीची, आणि हीच नीट ऐका, कारण पुढची सगळी कथा हिच्यावर आहे. जमीन कोणती आणि जमिनीवर उभे काय, हे ओळखायची एक युक्ती आहे. सगळे चित्र उलटे करायचे, म्हणजे जमीन वर आणि देऊळ खाली लोंबते आहे असे. मग त्यावर एक धोतर टाकले आहे अशी कल्पना करायची. धोतराला थोडा ताठपणा द्यायचा, म्हणजे ते देवळाच्या खोल खड्ड्यात शिरत नाही, वरच्या वर पसरते. धोतर जिथे टेकले ती जमीन. ज्याला टेकले नाही ते घर, झाड, खांब. युक्ती नामी आहे. पण जे बुटके आहे, वीतभर-हातभरच वर आले आहे, तिथेही धोतर टेकते, आणि ती वस्तू जमीन म्हणून जमा होते.

अलीकडे पाचवी रीत निघाली आहे. संगणकाला हजारो चित्रे दाखवून शिकवतात की हे घर, हे झाड, ही मोटार. मग तो आपण होऊन ओळखतो, आणि पुष्कळ वेळा बरोबर ओळखतो. परंतु ज्याला जे दाखवले तेच तो ओळखणार. आमच्या पोराकडच्या संगणकाने मोटारसायकल लगेच ओळखली, दीपमाळेला मात्र झाडाच्या खोडात घातले.

शेवटी पोराने या साऱ्या खुणा वापरल्या आणि उरलेले हाताने केले. चित्रावर कुंपण आखून नको तो भाग कापायचा, चित्र फिरवायचे, पुन्हा कुंपण, पुन्हा कापणे. दोन रात्री जागून त्याने पिंपळ काढला, गोठा काढला, माणसे काढली, मोटारसायकल काढली. दीपमाळ परत आणली. आणि काय सुरेख देऊळ उभे राहिले! आजूबाजूला काही नाही, जणू नुकतेच कोणी घडवून ठेवले आहे. मी ते चारी बाजूंनी पाहिले, मापे टेपशी ताडून घेतली, बरोबर आली. कचेरीच्या सवयीने छापील प्रतीवर शेरा मारला, "तपासले, बरोबर आहे", आणि सही केली. त्या प्रतीवरून आराखडा झाला, अंदाजपत्रक झाले, आणि देवळाभोवती चारी बाजूंनी काँक्रिट घालून वर फरशी बसवायचे ठरले. सोमवारी जेसीबी यायचा होता.

शनिवारी संध्याकाळी आळीतल्या एक आजी दर्शनाला आल्या. पोरे लॅपटॉपवर चित्र फिरवत होती. आजींना अक्षर येत नाही, डोळ्यालाही कमी दिसते. त्यांनी चित्र दोनदा फिरवायला लावले आणि म्हणाल्या, "देऊळ दिसतंया बाबा. पर माझं वीर कुठं गेलं?"

कोणाच्या ध्यानात येईना. मग त्या पिंपळाकडे गेल्या आणि मुळांजवळ हात लावून दाखवला. तिथे चार दगड आहेत. आपण सारे लहानपणी त्यांच्यावर बसून चिंचा खाल्ल्या आहेत. ते वीरगळ. दोन उभे, पण मुळांत निम्मे गडप झालेले. एक आडवा पडलेला. आणि एकाची तर पाराची पायरी झालेली. आजी दर अवसेला त्यांना तेल घालतात, त्यांच्या सासूबाई घालत होत्या म्हणून.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण, हे आपल्याला माहीत असेल. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती राहो. आपल्या एका दगडावर खाली गाई कोरल्या आहेत. म्हणजे गाई सोडवताना तो पडला. कोणाच्या गाई? या गावाच्या असतील, दुसऱ्या कोणाच्या?

पोराने मूळ, न कापलेले चित्र उघडले. त्यात चारही दगड होते. उभे दोन दगड पिंपळाच्या मुळाबरोबर कापले गेले होते. आडवा आणि पायरीचा, हे बुटके असल्याने धोतराखाली जमीन म्हणून गेले होते. संगणकाने सांगितल्याप्रमाणेच केले होते. पोराने मनापासून काम केले होते. तपासले कोणी होते? मी. देवळाचे माप बरोबर आहे ना, एवढेच मी पाहिले. काय काढून टाकले, ते मी पाहिलेच नाही. सोमवारी त्या जागेवर काँक्रिट पडले असते, आणि त्या कागदावर माझी सही होती. ती रात्र मला झोप लागली नाही, हे देवासमोर खरे सांगतो.

मंडळी, हे मला आधी कळायला हवे होते, कारण कचेरीत हेच मी पाहत आलो आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. त्याच्याही आधी आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. आपल्याकडेही आधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या, मग ड्रोन फिरला. आता ड्रोन वरून पाहतो. त्याला भिंत दिसत नाही, पत्रा दिसतो. पत्रा भिंतीच्या बाहेर दोन-दोन फूट आलेला असतो. नुसता पत्रा पाहून घर वेगळे काढले तर वळचणीची जागाही घरात धरली जाते, आणि पागोळीवरून दोन भावांत जन्माचे वैर होते. म्हणून तर नकाशा झाल्यावर माणसे जागेवर जातात, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून चौकशी होते, आणि मगच सनद मिळते. आपल्याकडे एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. एवढ्याशा जागेत दोन फूट म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगायला नको. घराच्या बाबतीत ही खबरदारी मला ठाऊक होती. देवाच्या बाबतीत मी ती घेतली नाही.

असो. रविवारी सकाळी समितीची बैठक याच पारावर झाली. जेसीबी थांबवला. आराखडा बदलला. पिंपळाच्या बाजूची फरशी दोन हात अलीकडे थांबवली, आणि वीरगळ जागेवरून न हलवता त्यांच्याभोवती बुटका कठडा केला. पायरीचा दगड मात्र पायाखाली ठेवणे बरे दिसेना, म्हणून तो सगळ्यांच्या संमतीने उचलून इतर तिघांशेजारी उभा केला. उचलण्यापूर्वी तो कुठे आणि कसा होता, याची चित्रात खूण करून ठेवली आहे. फरशी कमी झाल्याने जी रक्कम वाचली ती कठड्याला लागली. देणगीदारांनी उद्या उजेडात ते काम अवश्य पाहावे.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते कचेरीच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे प्रकरण निकाली निघाले म्हणून कागद फाडत नाहीत. त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतात. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ड वर्गाचे थोड्या काळाने नष्ट करायचे. पण कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, हे आधी माणूस वाचतो आणि मग बांधतो. चित्राचेही तसेच करता येते, हे त्या पोराने मला दाखवले. नको तो भाग पुसून टाकण्याऐवजी त्याला निराळा वर्ग द्यायचा. देऊळ एका वर्गात, झाड दुसऱ्या, जमीन तिसऱ्या, शेजारची घरे चौथ्या. पाहिजे तेव्हा एकच दाखवा, पाहिजे तेव्हा सगळे. गवंड्याला देऊळ पाहिजे, त्याला देऊळ द्या. पण बाकीचे गेले नाही, ते बाजूला बांधून ठेवले आहे.

म्हणून समितीने तीन गोष्टी केल्या आहेत. एक, न कापलेले मूळ चित्र आणि मूळ फोटो तीन ठिकाणी ठेवले आहेत: देवस्थानच्या कपाटात, ग्रामपंचायतीत आणि शाळेत. दर दोन वर्षांनी ते उघडतात का हे पाहायचे आणि नव्या प्रतीवर उतरवायचे. दोन, एक नोंदवही केली आहे. चित्रातून काय काय वेगळे काढले, कोणी काढले, कोणी पाहिले, हे तिच्यात लिहिले आहे. तीन, त्या वहीवर नुसती कारकुनाची सही चालणार नाही असे ठरले. गावातल्या दोन वयस्कर माणसांनी, आणि त्यातल्या एक तरी बाई असाव्यात, चित्र पाहून हो म्हटले पाहिजे. पहिला अंगठा त्या आजींचा आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

पॅरिसमध्ये नोत्र दाम नावाचे आठशे वर्षांचे चर्च १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले, त्याचे छप्पर जळून गेले. त्याच्या नऊ वर्षे आधी एका प्राध्यापकाने लेसर किरणांनी त्याचे असेच ठिपक्यांचे माप घेऊन ठेवले होते. पुन्हा बांधताना ते कामी आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. आपल्या देवावर असा प्रसंग कधी न येवो. पण आपल्यामागे कधी कोणाला हे देऊळ पुन्हा उभारायची वेळ आली, तर त्यांच्या हाती पिंपळ, दीपमाळ, वीर आणि शेजारच्या गोठ्यासकट सगळे चित्र असेल. त्यातले देऊळ कोणते, ते त्यांनी ठरवावे.

देणगीदार बंधूंनो, आपण दिलेल्या पैशातून नवा मंडप झाला, शिखर झाले, उद्या कळस चढेल. पण ज्यांची नावे कोणत्याही पावतीवर नाहीत, ती गाईंसाठी पडलेली चार माणसेही आपल्याच पैशाने उजेडात आली, एवढे आपल्या कानावर घालावे म्हणून मी उभा राहिलो. उद्या कळसाचे दर्शन झाल्यावर दोन पावले पिंपळाकडे जा, आणि त्यांनाही हात जोडा.

 

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!